ऐकीव पुरावा

"अहो, जरा इकडे या. हे वाचा बरं. मी बरोबर वाचतेय ना?"

हे नुकतेच आंघोळ करून आले होते. ओला पंचा खांद्यावर तसाच ठेवून त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि लॅपटॉपपुढे वाकले. ओठ हलवत वाचू लागले. मी पडद्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तेहतीस वर्षं कोर्टात काढली की कागद वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरून निकाल कळायला लागतो.

"चोरी केलीस म्हणतायत," हे म्हणाले.

"असा शब्द आहे तिथे?"

"शब्द गुळगुळीत आहे गं. पण अर्थ तोच. तुझ्या उत्तरातला शेकडा चौऱ्याण्णव भाग दुसऱ्याच्या मजकुराशी तंतोतंत जुळतो. सात दिवसांत नवं उत्तर दे, नाहीतर नाव कमी करू."

मी खुर्चीचा हात धरला. दाराबाहेर कालच उतरवलेल्या गुढीची काठी अजून भिंतीला टेकून उभी होती, आणि नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठ वाजता मी, मंदाकिनी निकुंभ, सिन्नर कोर्टाची निवृत्त लघुलेखिका, जिच्या टंकलेखनात साहेबांना कधी काना-मात्रेची चूक सापडली नाही, ती चोर ठरले होते.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील.

झालं होतं असं, की निवृत्तीनंतर मला शिकायची चटक लागली. मुलगी पुण्याला असते. तिनेच दाखवलं की जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांचे पाठ घरबसल्या ऐकता येतात, फुकट. पहिल्यांदा मी पक्ष्यांचा अभ्यासक्रम केला, मग जुन्या लिप्यांचा. तिसरा खडकांचा, पश्चिम अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा. शिकवायला मार्गारेटबाई नावाच्या एक प्राध्यापिका. पांढरे केस, उन्हाने रापलेला चेहरा, हातात छोटी हातोडी. दगडाला ठोका मारायच्या आधी त्याच्यावरून हात फिरवायच्या. मला त्या फार आवडल्या.

"सर्टिफिकेट मिळणार का आई?" मुलीने विचारलं होतं.

"पैसे भरले तर मिळतं म्हणे."

"मग नुसतं कशाला करतेस?"

"कीर्तनाला जाते, त्याचं कुणी सर्टिफिकेट देतं का मला?"

आणि खरं सांगायचं तर मी ते पाठ कीर्तनासारखेच ऐकायची. पाय धुऊन सतरंजीवर बसायचं, टेकायचं नाही, मध्ये उठायचं नाही. पाठ थांबवायचं बटण असतं, ते मी कधी दाबलंच नाही. बुवांना कुणी "थांबा हं, दूध उतू जातंय" म्हणतं का? बाई बोलत जायच्या आणि मी शॉर्टहॅण्डमध्ये शब्दन् शब्द उतरवून घ्यायची. मिनिटाला एकशेवीस शब्दांचा हात अजून शाबूत होता. पाठ संपला की लॅपटॉपला नमस्कार करायची.

"त्या गोऱ्या बुवाबाईंना आरतीही ओवाळ," हे सोफ्यावरून म्हणायचे. हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इंजिनाशिवाय कशावर श्रद्धा नाही.

चौथ्या पाठानंतर स्वाध्याय होता. पाचशे शब्द लिहायचे. माझ्याकडे बाईंचे शब्द होते, एकही न गाळता. मी त्यातले उत्तमोत्तम निवडले, सुवाच्य टाइप केले, आणि खाली चौकोन होता त्यात खूण केली : "हे उत्तर संपूर्णपणे माझे स्वतःचे आहे."

घात त्या चौकोनाने केला. चोरीचं कलम एक वेळ सोडा. कोर्टात काम केलेल्या माणसाला विचारा, खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे काय असतं. माझ्या हाताखालून अशी किती गेली. ती करणाऱ्यांकडे मी चष्म्यावरून बघायची, ती माझी नजर मला आठवत होती.

"पण मी चोरलं कुठे?" मी यांना म्हणाले. "बाईंचंच बाईंना दिलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. माझ्या नोकरीत एक शब्द स्वतःचा घातला असता तर घरी पाठवलं असतं मला!"

"मग तसं कळव त्यांना."

"कुणाला कळवू? खाली लिहिलंय, या पत्राला उत्तर देऊ नये."

"मग सोड. फुकटचं तर आहे. येतायत काय तिकडचे पोलीस तुला न्यायला?"

सोडवत नव्हतं. स्वाध्याय मान्य झाल्याशिवाय पुढचे पाठ उघडत नव्हते, आणि यादीतला शेवटचा पाठ होता आपल्या दख्खनच्या पठारावर. आपल्या पायाखालच्या काळ्या दगडावर. तेवढ्यासाठी तर मी नाव घातलं होतं. तिथपर्यंत पोचायच्या आत मला दारातून हाकलणार, आणि तेही चोर म्हणून.

मुदत संपत होती नवमीला. त्यांच्याकडे रात्रीचे बाराला एक मिनिट कमी. मी कागदावर हिशेब मांडला, तीनदा मांडला. आपल्याकडे दुपारचे बारा वाजून एकोणतीस मिनिटं. म्हणजे रामनवमी, आणि रामजन्मानंतर अर्ध्या तासाच्या आत.

पुढचे दोन-तीन दिवस कसे गेले ते मलाच माहीत. आमटीत दोनदा मीठ पडलं. कुरिअरवाल्याने बेल वाजवली तरी वाटायचं, आलेच तिकडचे पोलीस. रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायची. कोरा पांढरा पडदा. आता स्वतःचं लिहायचं. मी "मला वाटतं" असं टाइप केलं आणि हात थांबला. काय वाटतं? तेहतीस वर्षांत "मी" हा शब्द लाखभर वेळा टाइप केला असेन. "मी शपथेवर सांगतो की", "मी घटनेच्या वेळी घरी होतो". त्यातला एकही मी माझा नव्हता. वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. बोटं सवयीने कानाची वाट बघत होती, की कुणीतरी सांगेल आणि आपण धावू.

मग एक भलताच विचार मनात यायला लागला, की चौऱ्याण्णव टक्के जुळलं हे त्यांनी कमीच धरलं असेल. माझ्यात दुसऱ्याचं नसलेलं असं आहे तरी काय?

राममंदिरात नवरात्राची कीर्तनं चालू होती, रोज पाच ते सात. त्या वर्षी अच्युतबुवा सायखेडकर आले होते. त्यांना मी वीस वर्षं ऐकत आलेय. गोड गळा, आणि माणूस त्याहून गोड. पंचमीला मी चार वाजताच देवळात गेले. बुवा मागच्या खोलीत लवंगेचं कोमट पाणी पीत बसले होते.

"या मंदाताई! आज लवकर?"

"बुवा, एक विचारू का? राग नका मानू."

"राग मानायला कीर्तनकार कशाला झालो असतो? वकील नसतो का झालो?"

"तुम्ही आख्यान सांगता ते तुमच्या गुरुजींचं शब्दशः असतं ना? मग ते... म्हणजे, ती चोरी होत नाही ना?"

बुवांनी भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. चौकोनासकट. सांगताना रडू आलं, त्याची लाजही वाटली. एकसष्ट वर्षांची बाई शाळेतल्या पोरीसारखी रडते म्हणजे काय!

"ऐका," बुवा म्हणाले. "तिशीपर्यंत मी गुरुजींचंच बोलायचो. शब्दशः. ते ज्या ठिकाणी थांबून खोकायचे ना, तिथे मीही खोकायचो."

मला रडता रडता हसू आलं.

"हसू नका, खरंच! लोक वाहवा करायचे, म्हणायचे, डिट्टो गुरुजी. एकदा येवल्याला माझं कीर्तन होतं आणि गुरुजी स्वतः ऐकायला येऊन बसले. पहिल्या रांगेत. मला केवढं स्फुरण! पूर्वरंग झाला, आख्यान सुरू झालं, आणि निम्म्यात गुरुजी उठले. काठी घेतली, चपला घातल्या, निघून गेले."

"कीर्तनातून उठून?"

"भर कीर्तनातून. ज्यांनी आम्हाला शिकवलं, की नारदाच्या गादीसमोरून कीर्तन संपल्याशिवाय उठू नये, ते. माझा पुढचा शब्द फुटेना. रात्री पाय धरायला गेलो तर म्हणाले, माझंच मला ऐकायला मी कशाला बसू?"

बाहेर पेटीवाले सूर धरून बघत होते.

"मग तुम्ही काय केलंत?"

"ते सांगण्यासारखं नाही. दोन वर्षं तोंडातून आख्यान निघालं नाही." बुवांनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. "बरं, तुमच्या त्या बाईंनी विचारलं काय होतं?"

"म्हणजे?"

"प्रश्न काय होता?"

मला प्रश्न आठवत होता, इंग्रजीत, स्वल्पविरामांसकट. पण अर्थ तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरला. "तुमच्या घराजवळचा एक दगड निवडा. तो नीट पाहा. तो काय सांगतो ते लिहा."

"मग? पाहिलात दगड?" बुवांनी विचारलं.

त्या संध्याकाळी कीर्तनात माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दगड गोळा करायला लागले. अंगणातला एक, शिवनदीच्या पात्रातला एक, नव्या रस्त्याच्या खडीतला एक. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडले. भिंगातून पाहिले. दिसत होतं ते सगळं बाईंनी सांगितलेलं. माझे डोळेसुद्धा त्यांच्याच वहीतून बघत होते. अष्टमीच्या दुपारी कसंबसं पानभर लिहिलं आणि यांच्यापुढे ठेवलं.

यांनी पहिली ओळ वाचली. "काळा दगड ज्वालामुखीतून येतो असं म्हणतात." चष्मा कपाळावर चढवला. "कोण म्हणतं?"

"शास्त्रज्ञ म्हणतात."

"तू पाहिलंस?"

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा मी कुठे जाऊन पाहू? तुमच्या वर्कशॉपात?"

"लाव्हाचं नाही विचारत. दगड. हे टेबलावरचे धोंडे तुझे कोण लागतात? परवापर्यंत तोंडओळख तरी होती का?" यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "डेपोतली एखादी भानगड मी सांगायला लागलो की तू काय म्हणायचीस? तुम्ही स्वतः पाहिलंत का? ऐकीव पुरावा चालत नाही. पस्तीस वर्षं ऐकतोय. माझं एक वाक्य कधी दाखल करून घेतलं नाहीस."

मला भयंकर राग आला. खरं होतं म्हणूनच आला. मी दगड वर्तमानपत्रासकट उचलून मागच्या अंगणात टाकले आणि जाहीर केलं की मी नाव काढून घेतेय, आता पुरे. थोड्या वेळाने यांनी चहा करून आणला. साखर विसरले होते.

रामनवमीला दहालाच देऊळ भरलं. पाळणा फुलांनी सजवलेला, सुंठवड्याचा वास, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. लग्न होऊन सिन्नरला आले त्या वर्षी सासूबाईंनी मला तिथे बसवलं होतं, डावीकडच्या तिसऱ्या खांबाला लागून. तेव्हापासून अडतीस वर्षं तीच जागा. कुणी दुसरी बसली असेल तर मला बघून सरकते.

नाव सोडलं म्हटलं तरी डोळे घड्याळाकडेच जात होते. साडेदहाला बुवा उभे राहिले. नमन झालं, पूर्वरंग झाला. मध्यंतरात बुवांना हार घातला, सगळ्यांना बुक्का लावला. आख्यान सुरू झालं. अकरा वाजून गेले. आणखी सव्वा तासाने मी सुटणार, असं मी मनाला सांगत होते. हाताची मात्र वेगळीच गत. कीर्तन ऐकताना माझं उजवं बोट खाली फरशीवर फिरत असतं. तिथे एक खळगा आहे. बोटाचं पेर बसेल एवढा. जुनी सवय. बोट त्यात जातं, गोल फिरतं, शेजारच्या खळग्यात जातं. त्या दिवशीही फिरत होतं. आणि फिरता फिरता एका टोचऱ्या कडेवर थांबलं.

मी खाली पाहिलं.

काळी फरशी. खळगेच खळगे, काही रिकामे, काहींत पांढरा दाणा. नवी नवरी असताना मला वाटलं होतं, कुणाच्या अक्षता सांडल्या नि चिकटून बसल्या. नखाने काढायचा प्रयत्न केला होता, तेव्हा सासूबाईंनी हातावर चापट मारली होती : "कीर्तन ऐक." त्यानंतर मी त्या दाण्यांकडे पाहिलं नव्हतं. नुसतं बोट फिरवत होते.

मी वाकले. जवळून पाहिलं. खिडकीतून आलेलं ऊन त्या दाण्यावर पडलं होतं आणि आत बारीक सुयांसारखं काहीतरी, एका मुळातून फुटल्यासारखं, चमकत होतं.

बुवा कौसल्येच्या महालात पोचले होते. देऊळभर माणसं श्वास धरून बसली होती. आणि मी त्यातला एकही शब्द ऐकत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या कानात माझंच काहीतरी बोलत होतं, इतक्या वेगाने की शॉर्टहॅण्डलाही आवरलं नसतं.

घड्याळात अकरा वीस.

उठायचं? रामजन्माच्या कीर्तनातून? मी अर्धी उठले, पुन्हा बसले. शेजारची सुमनवहिनी कुजबुजली, "काय होतंय का?" मी मान हलवली. मग खांबाला धरून उभी राहिले. बायकांच्या रांगेतून वाट काढताना पाठीवर सगळ्या देवळाचे डोळे होते. दाराशी पोचले तेव्हा बुवांचा आवाज क्षणभर अडखळला. मी वळून पाहिलं नाही. चपला हातातच घेतल्या आणि निघाले.

घराच्या दारात यांनीच मला पाहिलं. "झाला जन्म?"

"नाही अजून."

हे काय ते समजले. लॅपटॉप उघडून खुर्ची ओढून ठेवली आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.

मी लिहिलं. इंग्रजीतच लिहिलं, पण सुरुवात मराठीत सांगते. "मी अडतीस वर्षं या दगडावर बसते आहे. आज मी तो पाहिला." मग खळगे किती, केवढे, कुठले रिकामे, कुठल्यात दाणा, ऊन पडल्यावर काय दिसलं. सासूबाईंची चापट लिहिली. मग लिहिलं, की हा दगड उकळत आला तेव्हा त्यात हवेचे बुडबुडे अडकले असणार. दगड थिजला, हवा गेली, पोकळ्या राहिल्या. मग पाणी झिरपत राहिलं. एका दिवसाचं काम नव्हे ते. पाणी जाता जाता थोडंसं ठेवून जायचं, तेच साठत साठत आज पांढरं चमकतं आहे. "यातलं पाण्याचं आणि हवेचं मला मार्गारेटबाईंनी सांगितलं," असंही लिहिलं. "दाण्याचं मी स्वतः पाहिलं."

मध्येच देवळाकडून एकदम नगारा वाजला, घंटा, शंख, टाळ्यांचा कल्लोळ. बारा. मी खुर्चीतच हात जोडले, आणि पुन्हा कळा बडवू लागले.

बारा एकवीसला शेवटचं वाक्य. खाली तोच चौकोन. "हे उत्तर संपूर्णपणे माझे स्वतःचे आहे." बोट वर धरलं आणि तसंच राहिलं. बारा पंचवीस. बाहेरून यांचा खाकरण्याचा आवाज आला.

मी खूण केली.

प्रसादाला परत गेले तेव्हा गर्दी पांगली होती. बुवा सभामंडपात एकटेच उभे होते, अंगावर गुलाल. मी वाकले. "चुकलं बुवा. भर कीर्तनातून..."

"माझ्या गुरुजींनंतर तुम्हीच," बुवा म्हणाले. मग म्हणाले, "काय पाहिलंत?"

मी त्यांना तिसऱ्या खांबापाशी नेलं. बुवा गुडघे मोडून खाली बसले. गुलालाचं बोट खळग्यात घातलं. मी सांगत होते आणि ते ऐकत होते. अर्धा तास तरी आम्ही तिथे असू. एकदाही ते मध्ये बोलले नाहीत.

स्वाध्याय मान्य झाल्याचं नऊ दिवसांनी कळलं. उत्तरं शिकणारेच एकमेकांची तपासतात. त्यातल्या कुणीतरी, कुठल्या देशातलं कोण जाणे, खाली लिहिलं होतं : "पुढच्या वेळी बसाल तेव्हा माझ्या वतीने त्या दाण्याला हात लावा." यांनी ते मोठ्याने वाचलं, आणि म्हणाले, "हा पुरावा दाखल करून घे."

दख्खनचा पाठ मी ऐकला. दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा वही घेतली नव्हती.

पुढच्या रामनवमीला बुवा पुन्हा आले. पूर्वरंगात ते बोलत होते आणि बोलता बोलता म्हणाले, "दगड उकळत आला तेव्हा त्यात हवा अडकली. दगड थिजला, हवा गेली, पोकळी राहिली. मग पाणी झिरपत राहिलं. एका दिवसाचं काम नव्हे ते..." मी ताठ बसले. शब्दन् शब्द माझा. सुमनवहिनीने डोळे पुसले. मी जिथे वाक्य तोडलं होतं तिथेच बुवांनी तोडलं, आणि बायकांच्या रांगेकडे बघून म्हणाले, "हे ऐकलेलं आहे हो. पाहिलंय त्या खांबाजवळ बसलेल्या ताईंनी."

माझंच मला ऐकायला मी कशाला बसू, असं म्हणून उठावं की काय, हे क्षणभर मनात आलं. हसूही आलं.

पण बोट खळग्यात गेलं होतं. मी बसून राहिले.